रुग्ण थोडे उरतात तेव्हाची जबाबदारी

आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक बेल्जियमची वसाहत होते, तेव्हा 1930 साली तेथे निद्रारोगाचे 30,000 हून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. गावोगाव फिरणाऱ्या पथकांनी पुढची तीन दशके तपासणी आणि उपचार चालू ठेवले आणि 1959 साली, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, नव्या रुग्णांची संख्या सुमारे 1,200 वर आली. 1998 साली त्याच देशात पुन्हा 26,000 हून अधिक नवे रुग्ण सापडले. मधल्या काळात जंतू बदलला नव्हता आणि त्याला वाहून नेणारी त्सेत्से माशीही बदलली नव्हती. रोग जवळजवळ आटोक्यात आला म्हणून राज्यकर्त्यांचे आणि मदत देणाऱ्या देशांचे लक्ष दुसरीकडे गेले होते आणि रुग्ण शोधणारी माणसे गावात जायची थांबली होती.

हा इतिहास आता पुन्हा वाचायला हवा, कारण आफ्रिका पुन्हा त्याच टप्प्यावर येऊन उभी आहे. 1998 मध्ये संपूर्ण खंडातून सुमारे 40,000 रुग्णांची नोंद झाली होती, आणि निदानच न झालेले रुग्ण तीन लाखांच्या घरात असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. 2009 मध्ये नोंदलेले रुग्ण पन्नास वर्षांत प्रथमच 10,000 च्या खाली गेले आणि 2018 पासून ते दरवर्षी 1,000 च्याही खाली राहिले आहेत. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे निर्मूलन झाल्याची मान्यता 2020 मध्ये प्रथम टोगोला मिळाली. त्यानंतर आयव्हरी कोस्ट, बेनिन, युगांडा, रवांडा, विषुववृत्तीय गिनी, घाना, चाड, गिनी आणि 2025 मध्ये केनिया यांचाही त्या यादीत समावेश झाला. रोगाच्या मुख्य प्रकाराचा प्रसार 2030 पर्यंत पूर्णपणे थांबवायचा, हे पुढचे उद्दिष्ट आहे. हे यश मोठे आहे आणि ते मिळवणाऱ्या आफ्रिकी परिचारिका, तंत्रज्ञ आणि वाहनचालक यांचे नाव जगात फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते. परंतु माझे म्हणणे त्या यशाच्या पुढचे आहे. या रोगासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्याची सर्वांत जास्त गरज रुग्ण शेकड्यांत मोजता येऊ लागल्यावर असते, आणि सहकार्याची आजची रचना मात्र रुग्णसंख्या घटली की आपोआप सैल होईल अशी आहे. ही रचना बदलल्याशिवाय 2030 चे उद्दिष्ट गाठले तरी ते टिकणार नाही.

असे का, हे समजण्यासाठी रोगाचा स्वभाव पाहावा लागतो. निद्रारोग ट्रिपॅनोसोम नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. त्याचे माणसाला बाधणारे दोन प्रकार आहेत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला गॅम्बियन प्रकार नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत आढळतो आणि तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, शरीरात दबा धरून राहतो. खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागातला ऱ्होडेशियन प्रकार काही आठवड्यांतच उग्र होतो आणि त्याचे मुख्य आश्रयस्थान गुरे आणि वन्य प्राणी हे असते. दोन्हींची सुरुवात ताप, डोकेदुखी, सांधेदुखी, खाज अशा लक्षणांनी होते, जी मलेरियाच्या प्रदेशात कोणाचेही विशेष लक्ष वेधून घेत नाहीत. पुढे जंतू मेंदूत शिरतो, झोपेचे चक्र उलटसुलट होते, माणसाचा स्वभाव बदलतो, तो गोंधळतो, आणि उपचार न मिळाल्यास जवळजवळ नेहमीच मरतो. हा परजीवी आपले बाह्य प्रथिनावरण सतत बदलत राहतो, त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती त्याला ओळखेपर्यंत तो वेगळ्या रूपात वावरत असतो. याच कारणाने या रोगावर लस नाही आणि नजीकच्या काळात ती येण्याची चिन्हेही नाहीत.

लस नसल्यामुळे एकेक रुग्ण शोधून बरा करणे हाच गॅम्बियन प्रकारावरचा मुख्य उपाय राहिला. रुग्ण स्वतःहून दवाखान्यात येईल अशी वाट पाहिली तर तो बऱ्याचदा मेंदू बाधित झाल्यावरच येतो, आणि तोपर्यंत त्याच्या रक्तातून कितीतरी माश्यांनी जंतू उचललेला असतो. म्हणून जीप, जनरेटर, सूक्ष्मदर्शक आणि अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत 1970 च्या दशकात विकसित झालेली रक्ततपासणीची कार्डे घेऊन पथके गावात जातात, सगळ्या गावाचे रक्त तपासतात, संशयित माणसाच्या मानेतल्या गाठीतला द्रव तपासतात आणि गरज पडल्यास पाठीच्या कण्यातले पाणी काढून पाहतात. रोग बोकाळलेला असतो तेव्हा अशा एका फेरीत अनेक रुग्ण सापडतात. रोग विरळ झाला की एक रुग्ण सापडण्यासाठी हजारो, कधी दहा-दहा हजार माणसे तपासावी लागतात. प्रत्येक रुग्णामागचा खर्च अशा वेळी कित्येक पटींनी वाढतो, आणि हिशेब करणारा अधिकारी, मग तो काँगोच्या राजधानीतला, किन्शासातला असो वा युरोपातला, याच क्षणी विचारतो की इतक्या थोड्या माणसांसाठी एवढा पैसा का घालवायचा.

प्रश्न अप्रामाणिक नाही. काँगोत मलेरिया, गोवर, कुपोषण आणि बाळंतपणातले मृत्यू यांची संख्या निद्रारोगाच्या कित्येक पट आहे आणि सरकारी तिजोरीत पैसा थोडा आहे. परंतु या प्रश्नात खर्चाचे माप चुकीचे निवडलेले आहे. पथक दहा हजार माणसे तपासते तेव्हा ते एका रुग्णावर खर्च करत नसते. त्या दहा हजार माणसांच्या गावांत रोग परतलेला नाही याची खात्री करून घेत असते. निरोगी गावांवरची ही नजर हेच त्या खर्चाचे फळ आहे, आणि सहकार्याचा हिशेब किती माणसांवर नजर आहे या मापाने व्हायला हवा. माझ्या सगळ्या युक्तिवादाचे मूळ या एका बदलात आहे.

काँगोतला दुसरा उद्रेक कसा घडला हे पाहिले की या मापाचे महत्त्व कळते. स्वातंत्र्यानंतरच्या यादवीत पथके विस्कळीत झाली, तरी पुढे बेल्जियमच्या पैशावर कार्यक्रम तग धरून होता. 1990 साली लुबुम्बाशीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांवर हल्ला झाला आणि त्यानंतर बेल्जियमने काँगोचे हुकूमशहा मोबुतू यांच्या राजवटीशी असलेले सहकार्य थांबवले. राजवटीचा निषेध करणे योग्यच होते. परंतु त्या निर्णयाने जीपचे इंधन, पथकांचे भत्ते आणि औषधांचा पुरवठा यांवरही घाला आला, आणि त्याची किंमत मोबुतूंनी मोजली नाही. ती बांदुंदू आणि इक्वेटर प्रांतांतल्या नदीकाठच्या मासेमारांनी आणि शेतकऱ्यांनी मोजली. तपासणी कमी झाली तसे नोंदलेले रुग्णही सुरुवातीला कमी दिसले, कारण न शोधलेला रुग्ण कोणत्याही तक्त्यात येत नाही, आणि काही वर्षांनी रोग उघड झाला तेव्हा तो सगळीकडे पसरलेला होता. अंगोलात आणि दक्षिण सुदानात युद्धाच्या काळात असेच घडले. दोन देशांमधल्या राजकीय संबंधांवर ज्याचे इंधन अवलंबून आहे असा कार्यक्रम कितीही कुशल असला तरी मुळात कच्चा असतो.

औषधांची कहाणी याहून अधिक अस्वस्थ करणारी आहे. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रोगासाठी 1949 पासून मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त औषध वापरले जाई, आणि ते घेणाऱ्या दर वीस रुग्णांपैकी सुमारे एक रुग्ण औषधानेच मरत असे. दुसरा इलाज नसल्यामुळे डॉक्टर ते देत राहिले. 1990 मध्ये इफ्लोर्निथिन हे बरेच सुरक्षित औषध मान्य झाले, पण ज्यांना ते हवे होते त्यांच्याकडे पैसे नव्हते, आणि काही वर्षांतच त्याचे उत्पादन बंद पडले. 2000 च्या सुमारास तेच रसायन श्रीमंत देशांतल्या स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी करण्याच्या मलमातून बाजारात आले. सीमाविरहित डॉक्टर्स या संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने हा विरोधाभास जगापुढे मांडला, आणि 2001 मध्ये अव्हेंटिस कंपनीने निद्रारोगाची औषधे मोफत पुरवण्याचा आणि कार्यक्रमाला पैसे देण्याचा करार केला. बायर कंपनीनेही आपली औषधे देऊ केली. आज कोणत्याही रुग्णाला या रोगाच्या औषधासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याचे हे निःसंशय मोठे फळ आहे.

त्यापुढचे पाऊल तर याहून मोलाचे ठरले. हेक्स्ट कंपनीच्या जुन्या संशोधनात मागे पडलेले फेक्सिनिडाझोल हे रसायन दुर्लक्षित रोगांवरच्या औषधांसाठी काम करणाऱ्या जीनिव्हातील ना-नफा संस्थेने शोधून काढले, सानोफीच्या मदतीने त्याच्या गोळ्या केल्या, आणि काँगो व मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक येथील दूरच्या रुग्णालयांत काँगोच्याच डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली त्याच्या चाचण्या झाल्या. 2018 मध्ये त्याला मान्यता मिळाली. ज्या रोगासाठी पूर्वी सात दिवसांत चौदा सलाईन लावाव्या लागत, त्याच्या बहुतेक रुग्णांना आता दहा दिवस गोळ्या घेऊन बरे होता येते. एकाच मात्रेत काम करणाऱ्या अकोझिबोरोलच्या चाचणीचे निष्कर्षही 2022 मध्ये आशादायक आले. तरीही माझी शंका कायम आहे. हा सगळा पुरवठा मोजक्या कंपन्यांच्या देणगीवर आणि ठरावीक मुदतीनंतर नव्याने कराव्या लागणाऱ्या करारांवर उभा आहे. वर्षाला काही शेकडा रुग्णांसाठी औषध बनवत राहण्यात कोणत्याही कंपनीला व्यापारी रस असण्याचे कारण नाही. देणगीबद्दल कृतज्ञ राहूनही असे म्हणता येते की उत्पादनाचा परवाना, कृती आणि राखीव साठा हे सार्वजनिक संस्थेच्या हाती असले पाहिजेत, म्हणजे एखाद्या कंपनीने उद्या हात आखडता घेतला तरी इफ्लोर्निथिनची पुनरावृत्ती होणार नाही.

येथे सहकार्याच्या जुन्या इतिहासाकडेही नजर टाकावी लागते, कारण आजच्या गावकऱ्यांच्या मनात तो जिवंत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युगांडातील व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी या रोगाने सुमारे अडीच लाख माणसे मारल्याचा अंदाज आहे. 1907 मध्ये लंडनला युरोपीय सत्तांची निद्रारोगावर परिषद भरली. एकत्रित कचेरीचा बेत सिद्धीस गेला नाही, आणि ब्रिटनने लंडनमध्ये स्वतःची कचेरी उघडली. त्या परिषदेत आफ्रिकेची माणसे नव्हती, फक्त त्यांच्यावर राज्य करणारी होती, आणि त्यामुळे तिचे उपायही तसेच होते: सक्तीने गावे उठवणे, ये-जा करण्यावर बंदी, छावण्या, संशयितांना वेगळे ठेवणे. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी याच सरोवरातल्या सेसे बेटांवर आटॉक्सिल या आर्सेनिकयुक्त औषधाचे प्रयोग केले आणि त्यात काही रुग्णांची दृष्टी गेली. कॅमेरूनमध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर ओझेन झामो यांनी फिरत्या पथकांची पद्धत यशस्वीपणे रुजवली, जिचा पाया आजही टिकून आहे. पण त्यांच्याच मोहिमेत बाफिया भागात औषधाच्या जादा मात्रेने शेकडो माणसे आंधळी झाली. पुढे रोगप्रतिबंधासाठी म्हणून पेंटामिडिनची लाखो इंजेक्शने निरोगी माणसांना देण्यात आली, आणि 1954 मध्ये पूर्व कॅमेरूनमध्ये त्यातून गँग्रीन होऊन माणसे दगावली.

हे सांगण्याचा हेतू जुने हिशेब उकरून काढण्याचा नाही. अनोळखी गाडी गावात येते, माणसांना रांगेत उभे करते, त्यांचे रक्त घेते, पाठीत सुई टोचते आणि निघून जाते, या दृश्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. रोग प्रत्यक्ष दिसत होता तोवर लोक रांगेत उभे राहत. दहा वर्षांत गावात एकही रुग्ण दिसलेला नसेल, तर ते का उभे राहतील? म्हणून विरळ झालेल्या रोगाच्या काळात पथकांपेक्षा गावातल्या कायमच्या आरोग्य केंद्रावर, तिथल्या ओळखीच्या परिचारिकेवर, तिच्या नियमित पगारावर आणि तिच्याकडच्या सोप्या चाचणीवर भर द्यावा लागेल. परदेशी निधीतला बराच भाग आजवर गाड्या, मोहिमा आणि सल्लागार यांच्यावर खर्च होत आला आहे. परिचारिकेचा पगार हा देणगीदारांना कंटाळवाणा वाटणारा खर्च आहे, पण निद्रारोगाचा शेवटचा रुग्ण बहुधा तिच्याच टेबलासमोर येऊन बसणार आहे.

आता माशीकडे वळू. त्सेत्सेच्या सुमारे तीस जाती सहाराच्या दक्षिणेकडील 36 देशांत आढळतात. नर आणि मादी दोघेही रक्तावर जगतात. मादी इतर माश्यांसारखी शेकडो अंडी घालत नाही. ती एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला स्वतःच्या ग्रंथींतून पोसते आणि साधारण नऊ-दहा दिवसांनी एक याप्रमाणे आयुष्यात जेमतेम आठ-दहा अळ्यांना जन्म देते. इतक्या मंद गतीने वाढणाऱ्या कीटकाची संख्या थोड्याशा अतिरिक्त मृत्यूनेही कोसळते, आणि हे फार मोठे सुदैव आहे. निळ्या रंगाकडे या माश्या ओढल्या जातात, हे लक्षात घेऊन लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या आफ्रिकी सहकाऱ्यांनी कीटकनाशक लावलेले लहान निळे पडदे तयार केले. हातरुमालापेक्षा फारसे मोठे नसलेले हे पडदे नदीकाठी ठराविक अंतरावर खोचले की नदीकाठच्या माश्या झपाट्याने कमी होतात आणि फवारणीसारखा परिसरावर मारा होत नाही.

केवळ रुग्ण शोधून भागते, माशीमागे लागायची गरज नाही, असे मानणारा एक मोठा वैद्यकीय वर्ग पूर्वी होता. गिनीने त्याला उत्तर दिले. 2014 मध्ये इबोलाची साथ आली आणि गिनीतल्या बोफा भागात निद्रारोगाची तपासणी ठप्प झाली. त्या भागात जिथे निळे पडदे लावलेले होते तिथे साथीनंतरही रोग कमीच राहिला. जिथे ते नव्हते तिथे तो पूर्वीच्या पातळीकडे परतला. डॉक्टर गावात जाऊ शकत नाहीत अशा काळातही नदीकाठचा पडदा काम करत राहतो. विरळ रोगासाठी हा धडा अमूल्य आहे, कारण युद्ध, साथ किंवा निधीची कपात यांपैकी काही ना काही दर दशकात येणारच आहे.

परंतु पडदे कुठे टिकतात आणि कुठे टिकत नाहीत हे पाहिले की सहकार्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. चाडच्या दक्षिणेत मांदूल हे क्षेत्र माश्यांच्या दृष्टीने जणू एक बेट आहे. आजूबाजूला त्सेत्से नाहीत. तिथे 2014 पासून पडदे लावले, तपासणी वाढवली आणि माश्या जवळजवळ नाहीशा झाल्या, रुग्णही. त्याच देशातले मारो क्षेत्र मात्र मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या सीमेलगत आहे. पडदे सीमेच्या एका बाजूला संपतात, माशीचा अधिवास पलीकडेही चालूच राहतो, आणि तिथून माश्या परत येत राहतात. पलीकडच्या देशात अनेक वर्षे धड शासनच नाही आणि तिथून निर्वासितही येतात. चाडने कितीही काम केले तरी मारोत त्याला एकट्याने जिंकता येणार नाही. युगांडाच्या वायव्य कोपऱ्यातही असेच आहे: देशाने गॅम्बियन प्रकार आटोक्यात आणल्याची मान्यता मिळवली, पण त्या जिल्ह्यांत दक्षिण सुदानातून लाखो निर्वासित आले आहेत, आणि त्यांच्यावरची आरोग्य-नजर युगांडाच्या अंदाजपत्रकावर टाकणे अन्यायाचे आहे.

सीमेलगतच्या अशा प्रदेशांसाठी स्वतंत्र निधी असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. आज निधी देशाच्या नावाने मंजूर होतो, देशाच्या राजधानीत जातो आणि देशाचे प्रमाणपत्र मिळाले की आटतो. मारोसारख्या ठिकाणी प्रमाणपत्र मिळालेला देश आणि अजून धडपडणारा देश यांना एकच निधी, एकच नकाशा आणि एकमेकांच्या हद्दीत काम करण्याची मुभा मिळाली पाहिजे.

याच्या उलट टोकाला एक भव्य स्वप्न आहे. 2000 साली टोगोतील लोमे येथील शिखर परिषदेत आफ्रिकी नेत्यांनी संपूर्ण खंडातून त्सेत्सेचे उच्चाटन करण्याची मोहीम जाहीर केली. तिच्यामागे स्वाभिमानाची प्रेरणा होती, आणि ती मला समजते. परक्यांनी आपल्या रोगाचे व्यवस्थापन करत राहण्यापेक्षा आपण तो मुळापासून उपटावा, ही आकांक्षा आदरणीय आहे. तिला आधारही होता. झांझिबारच्या उंगुजा बेटावर किरणोत्साराने वंध्य केलेले 80 लाखांहून अधिक नर सोडून 1990 च्या दशकात माशी संपवण्यात आली. अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी त्यासाठी टांझानियाला साथ दिली होती. सेनेगलच्या निये भागातही हेच तंत्र वापरले गेले, आणि तिथे सोडायचे नर बुर्किना फासो आणि स्लोव्हाकियातल्या प्रयोगशाळांत वाढवून पाठवले जात होते. अशा कामाला सहकार्य हा शब्द खऱ्या अर्थाने शोभतो.

मात्र उंगुजा हे बेट आहे आणि निये हा वेगळा पडलेला पट्टा आहे. खंडाच्या मधोमध, काँगोच्या नद्यांच्या जाळ्यात, असे कोणतेही कुंपण नाही. बेटही कायमचे सुरक्षित नसते, याचा दाखला गिनीच्या आखातातल्या प्रिन्सिपे बेटाने दिला आहे. पोर्तुगीजांनी 1914 पर्यंत तिथली त्सेत्से संपवली, आणि 1956 मध्ये ती पुन्हा सापडली. बुळकांडीचे उदाहरण उच्चाटनाचे समर्थक नेहमी देतात. गुरांचा तो रोग 2011 मध्ये जगातून नाहीसा झाला. पण बुळकांडीला उत्तम लस होती. इथे लस नाही, आणि माशीचा प्रदेश सुमारे एक कोटी चौरस किलोमीटर आहे. त्यामुळे जिथे माशीची वस्ती एकटी पडलेली आहे तिथे उच्चाटन, आणि जिथे रोग आहे पण वस्ती अखंड पसरलेली आहे तिथे कायमचे दमन, असा फरक करणे मला शहाणपणाचे वाटते. संपूर्ण खंडाच्या उच्चाटनासाठी राखून ठेवलेला प्रत्येक पैसा मारो आणि काँगोतल्या क्विलूच्या नदीकाठांना कमी पडतो.

गुरांचा उल्लेख केल्यावर ऱ्होडेशियन प्रकाराबद्दल बोलावेच लागते. त्याच्या बाबतीत रुग्ण शोधण्याने प्रसार थांबत नाही, कारण जंतूचा साठा गुरांच्या अंगात असतो. युगांडाच्या सोरोटी भागात 1998 मध्ये रोग नव्याने उगवला, तेव्हा तो बाधित जिल्ह्यांतून गुरांच्या बाजारात आणलेल्या जनावरांबरोबर आल्याचे अभ्यासातून दिसले. नंतर तिथे गुरांना औषध देण्याची आणि त्यांच्या पायांवर व पोटावर, जिथे माशी चावते तिथेच, कीटकनाशक लावण्याची मोहीम झाली. ही पद्धत स्वस्त आहे आणि गुरांचा नागाना रोगही तिने आटोक्यात येतो. अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार नागाना वर्षाला सुमारे तीस लाख गुरे मारतो. अडचण अशी की माणसाचा रोग आरोग्य मंत्रालयाचा, गुरांचा रोग पशुसंवर्धन मंत्रालयाचा, आणि देणगीदारांच्याही खिडक्या याच पद्धतीने वेगळ्या. शेतकऱ्याला स्वतःचा बैल वाचतो म्हणून कीटकनाशक लावण्यात रस असतो. त्याच्या त्या हितावर माणसाचे आरोग्य उभे करता येते, पण त्यासाठी दोन मंत्रालयांना एका हिशेबवहीत यावे लागेल.

पैशाची आजची स्थिती काळजी वाढवणारी आहे. ब्रिटनने 2021 मध्ये परदेशी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणले. अमेरिकेने 2025 च्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली. निद्रारोगाचा कार्यक्रम या एका संघटनेच्या समन्वयावर इतका अवलंबून आहे की औषधांचा साठा, नकाशे, प्रयोगशाळांचे जाळे आणि प्रमाणपत्रे या सगळ्यांचा धागा तिच्याच हाती आहे. या परिस्थितीत दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर कार्यक्रम चालवणे म्हणजे काँगोतल्या 1990 च्या पुनरावृत्तीची वाट पाहत बसणे आहे. प्रसार थांबल्याचे जाहीर झाल्यानंतरही किमान पंधरा वर्षे नजर ठेवण्याची लेखी हमी, बाधित देशांच्या प्रतिनिधींच्या नियंत्रणातला निधी, आणि किन्शासाच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय संशोधन संस्थेसारख्या आफ्रिकी प्रयोगशाळांना संदर्भ-प्रयोगशाळेचा दर्जा व कायमचा खर्च, एवढे तरी 2030 पूर्वी ठरले पाहिजे. 2022 मध्ये इथिओपियात तीस वर्षांच्या खंडानंतर रुग्ण पुन्हा आढळले, हे लक्षात घेता पंधरा वर्षे ही मुदतही फार मोठी नाही.

भारताचा या प्रश्नाशी असलेला संबंध दूरचा वाटतो, पण तो खरा आहे. 1880 च्या दशकाच्या अखेरीस भारतातून नेलेल्या गुरांबरोबर बुळकांडी पूर्व आफ्रिकेत पोहोचली असे अनेक इतिहासकार मानतात. तिने बहुतेक गुरे मारली, शेती ओस पडली, झुडपे वाढली, आणि वन्य प्राणी लवकर सावरल्यावर त्या झुडपांत त्सेत्सेला नवा प्रदेश मिळाला. ट्रिपॅनोसोममुळे सस्तन प्राण्यांना रोग होतो हे प्रथम दिसले तेही 1880 मध्ये पंजाबात, घोडे आणि उंटांच्या सर्रा या रोगात. सर्रा आपल्याकडे गोमाश्यांमार्फत पसरतो आणि आजही गुरांना होतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्यावर काम चालते. परजीवींवरचे ज्ञान, स्वस्तात औषधे बनवण्याची क्षमता आणि काळ्या आजाराविरुद्ध नेपाळ व बांगलादेश यांच्याबरोबर 2005 पासून चालवलेल्या संयुक्त मोहिमेचा अनुभव हे सगळे भारताजवळ आहे. निद्रारोगाच्या औषधांचा राखीव साठा बनवण्याची जबाबदारी भारताने आफ्रिकी देशांच्या मागणीनुसार स्वीकारावी, असे मला वाटते.

महाराष्ट्राला तर याचा थेट अनुभव आहे. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा जंतू सापडला. गुरांचा म्हणून ओळखला जाणारा हा जंतू माणसात अशा रीतीने सिद्ध झाल्याची ती पहिलीच घटना मानली जाते. ट्रिपॅनोसोमला मारणारे एक प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हते, असे पुढे आंतरराष्ट्रीय तपासातून कळले. आफ्रिकेतल्या निद्रारोगासाठी वापरले जाणारे सुरामिन देऊन तो बरा झाला. त्यानंतर त्याच्या परिसरातल्या 1,806 लोकांचे रक्त कार्डचाचणीने तपासण्यात आले आणि एकाच्याही रक्तात परजीवी आढळला नाही. एका रुग्णासाठी अठराशे माणसे का तपासली, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, आणि विचारला असता तर चंद्रपूरच्या लोकांना तो अपमानास्पद वाटला असता. क्विलू नदीच्या काठी राहणारी माणसे आज त्याच मापाने मोजली जाण्याची मागणी करत आहेत, आणि ती मान्य करण्यासाठी लागणारी रक्कम श्रीमंत देशांच्या, तसेच भारताच्याही, अंदाजपत्रकात शोधूनही दिसणार नाही इतकी लहान आहे.